जाळ आळसावलाय: पेलेट स्टोव्हच्या नोंदी, हिवाळा २०२३-२४

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

अमेरिकेत हिवाळी वेळ सुरू झाली, म्हणून घड्याळं आज तासभर मागे गेली. साडेचारलाच अंधार. मोसमातला पहिला जाळ पेटवला आणि पहिल्याच संध्याकाळी काच काळी.

पुढे स्वतःलाच लागेल म्हणून मांडणी लिहून ठेवते. घर न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिण भागात, नॅशुआ शहरापासून वीस मिनिटांवर. तळघरात तेलाचा बॉयलर आहे, पण खालचा मजला ऊबदार ठेवायचं काम पेलेट स्टोव्हचं. तो घराबरोबर आला. कागदपत्रांवर २००८ साल आहे. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, सहा-सात मिलिमीटर जाड. मागच्या हॉपरमधून ऑगर नावाचा मळसूत्री दांडा त्या वर चढवतो आणि घसरंडीवरून खाली टाकतो. त्या पडतात बर्नपॉटमध्ये, म्हणजे भोकं असलेल्या बिडाच्या भांड्यात. लेक त्याला वाटी म्हणते. इथून पुढे मीही वाटीच लिहीन. धूर ओढणारा पंखा धुराड्याच्या बाजूला बसवलेला आहे. तो आगपेटीतली, म्हणजे वाटी ठेवलेल्या बंद कप्प्यातली, हवा बाहेर ओढतो, आणि त्याच ओढीने बाहेरची हवा भिंतीतल्या पाइपातून वाटीच्या भोकांत शिरते. म्हणजे आजीच्या फुंकणीच्या उलट. पुढून फुंकायचं नाही, मागून ओढायचं.

लक्षणं: जाळ उंच, नारिंगी, शेंड्याला काळा, आणि झोपेत कूस बदलावी तसा हलतो. गेल्या वर्षी तो बुटका, पिवळा-पांढरा आणि नुसता फुरफुरत असे. वाटीत अर्धवट जळलेल्या कांड्यांचा ढीग. बाहेर धुराड्यातून चक्क दिसणारा धूर. गेल्या वर्षी आठवडाभराने काचेवर भुरकट राख यायची, ती बोटाने पुसली जायची; आजची काजळी तेलकट आहे.

माझी रोजची नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. त्यामुळे 'बिघडलाय' एवढ्यावर थांबणं जमत नाही. वही काढली.

११ नोव्हेंबर, शनिवार

पहिला संशयित माल. यंदा पैसे वाचवायला ओक-मेपलसारख्या कठीण लाकडाच्या कांड्या घेतल्या, एक टन. इथला टन म्हणजे दोन हजार पौंड, चाळीस पौंडांच्या पन्नास पिशव्या. त्या गॅरेजमध्ये आहेत, पण ऑक्टोबरभर पाऊस होता. ओल धरली असणार, असं नवऱ्याचं ठाम मत.

मतापेक्षा वजन बरं. १०० ग्रॅम कांड्या ताटलीत घेऊन ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवल्या. तासातासाने वजन केलं. आकडा हलायचा थांबला तेव्हा ९३.६ ग्रॅम. म्हणजे ओल ६.४ टक्के. इथल्या पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटच्या प्रीमियम दर्जाला ८ टक्क्यांपर्यंत चालते. भुकटी किती हेही पाहिलं: अख्खी पिशवी रव्याच्या चाळणीतून चाळली, खाली ७० ग्रॅम भुसा पडला. १८ किलोंत ७० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही.

(ओव्हनला उद्याच्या फराळापर्यंत सुतारकामाचा वास येणार. आई व्हिडिओवर म्हणाली, "करंज्या त्यात भाजू नकोस." करंज्या तळतात, हे तिलाच सांगावं लागलं.)

१३ नोव्हेंबर, सोमवार

लक्ष्मीपूजन काल झालं. पणत्यांचा जाळ स्टोव्हपेक्षा जास्त नीट.

मनाची खात्री व्हावी म्हणून स्प्रूस-पाइनसारख्या मऊ लाकडाच्या पाच पिशव्या वेगळ्या दुकानातून आणल्या. कठीण लाकूड म्हणजे चांगलं लाकूड हा समज ओंडक्यांच्या बाबतीत ठीक आहे, कारण घनता जास्त. कांड्या दाबूनच केलेल्या असल्याने तिथे घनतेचा फरक जवळजवळ मिटतो. किलोमागे सुमारे ५ युनिट उष्णता कशातूनही मिळते. फरक पडतो तो राखेत आणि सालीसोबत येणाऱ्या मातीत. माती वाटीत वितळते आणि वीटभट्टीत खंगर पडतो तसा दगड जमतो, भोकं बंद करतो.

हॉपर पूर्ण रिकामा करून मऊ लाकडाच्या कांड्या भरल्या. चार तासांनी जाळ तसाच: नारिंगी, लांब, सुस्त. वाटीत खंगरही नाही. माल निर्दोष सुटला. उगाच पाच पिशव्यांचे पैसे.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज साफसफाई. आणि आज माझ्या हातून झालेली चूक, जी मी ऑफिसात कोणी केली असती तर त्याला ऐकवली असती.

स्टोव्ह चोवीस तास बंद ठेवला होता. आधी वाटी काढून प्रत्येक भोक ड्रिलच्या पात्याने हाताने मोकळं केलं. आगपेटीच्या मागची बिडाची भिंत दोन खिट्ट्यांवर असते. ती काढली तर मागे दोन्ही बाजूंना राखेचे उभे कप्पे. गेल्या मालकांनी ते कधी उघडले असतील असं वाटलं नाही, आणि दोन वर्षांत मीही नाही. तिथून अर्धी बादली निघाली. मैद्यासारखी मऊ, करडी राख. धुराड्याच्या टी-जोडाची टोपी काढली, तिथून आणखी दोन ओंजळी.

राख ओढायला घरचा साधा व्हॅक्यूम वापरायचा नाही, हे कायमचं लिहून ठेवते. एखादा निखारा आत गेला तर पिशवी पेट घेते, आणि बारीक राख गाळणीतून निसटून घरभर होते. राखेसाठी वेगळा, धातूच्या डब्याचा व्हॅक्यूम मिळतो. राखेची बादली झाकणाची, पत्र्याची, आणि लाकडी डेकवर ठेवायची नाही; आतले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात.

चूक ही: साफ केल्यावर पेटवताना मी त्याच दमात कांड्यांचा पुरवठा एक घर कमी केला आणि हवेची झडप अर्ध्या इंचाने उघडली. जाळ सुधारला. कशामुळे? देव जाणे. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर उत्तर मिळत नाही, नुसतं समाधान मिळतं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

समाधानही तीन दिवस टिकलं. जाळ परत लोळतोय.

झडप आणि पुरवठा दोन्ही कारखान्याच्या खुणेवर परत आणले. आता एका वेळी एकच.

२५ नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. दारांची पाळी.

दाराच्या कडेने काचतंतूंचा दोर बसवलेला असतो. तो दबून चपटा झाला की दाराच्या फटीतून हवा आत येते. आली तर बिघडलं काय, असं वाटेल. पंख्याला हवा कुठून येते याच्याशी देणंघेणं नाही. सोपी वाट सापडली की तो तिथूनच ओढतो. मग वाटीच्या बारीक भोकांतून वर यायला हवेला कारण उरत नाही. पेटीत हवा भरपूर, निखाऱ्यांना मात्र उपास.

तपासणी नोटेची. दारात नोट अडकवायची, दार लावायचं, ओढायची. पर्समध्ये दहाची जुनी नोट होती, गांधीजींसकट तिला कामाला लावलं. वरच्या बाजूला घट्ट, कुलपाच्या बाजूला घट्ट, बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात सुळकन बाहेर. राखपेटीच्या दाराला तर तीन बाजूंनी निघते. मग पेटत्या स्टोव्हवर उदबत्ती फिरवली. त्याच कोपऱ्यात धूर रेघ ओढल्यासारखा आत जातो. देवघरातली गोष्ट यंत्रशाळेतही उपयोगी, आणि घरात वासही चांगला.

दोन्ही दोर खरवडून काढले, नवे चिकटवले. गुंता एकच: दोर ओढून ताणून लावायचा नाही, नाहीतर बारीक होऊन पुन्हा फट राहते. सैल हाताने, नुसता टेकवत.

२६ नोव्हेंबर, रविवार

काच बरीच उशिरा काळी झाली, हे खरं. जाळ अजून आळशी. दोर दोषी होता, पण एकटा नव्हता.

धुराडंच मुळात लांब आहे का, हाही हिशेब करून टाकला. पेलेटच्या धुराड्यासाठी लांबीचे गुण मोजतात: आडवा फूट म्हणजे १, उभा फूट अर्धा, काटकोनी वळण किंवा टी-जोड ५. आमच्याकडे आतच टी-जोड, चार फूट उभा पाइप, एक वळण, दीड फूट आडवा बाहेर. ५ अधिक २ अधिक ५ अधिक दीड, एकूण साडेतेरा. पंधराच्या पुढे गेलं तर तीनऐवजी चार इंची पाइप घ्या म्हणतात. आम्ही काठावर पण आत.

२ डिसेंबर, शनिवार

अंदाज पुरे झाले. पंखा किती ओढतो हे मोजायचं ठरवलं.

आगपेटीतली ओढ 'इंच पाण्यात' मोजतात. आमच्या पुस्तिकेप्रमाणे सगळ्यात वरच्या सेटिंगवर ती ०.१२ ते ०.१५ इंच हवी. म्हणजे पाण्याची पातळी तीन ते पावणेचार मिलिमीटर उचलली जाईल, बस. सरळ नळीत एवढा फरक डोळ्यांना दिसणं कठीण. मग शाळेतली युक्ती: नळी तिरकी करायची. दहा इंचांत एक इंच चढेल अशा उतारावर पारदर्शक नळी फळीला चिकटवली. आता उभं एक मिलिमीटर म्हणजे नळीत एक सेंटिमीटर. खालचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बुडवलं, वरचं टोक स्टोव्हच्या प्रेशर स्विचच्या, म्हणजे आतली ओढ जोखणाऱ्या बटणाच्या, नळीला टी लावून जोडलं. पाणी दिसेना म्हणून त्यात हळद घातली. यंत्राची किंमत सहा डॉलर आणि चिमूटभर हळद.

थंड स्टोव्ह, पंखा पूर्ण वेगाने, दारं बंद: ०.०५ इंच.

निम्म्याहून कमी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी खात्रीने कळलं. दार किंचित उघडलं की हळद खाली घसरते, म्हणजे मापक खोटं बोलत नाही.

३ डिसेंबर, रविवार

ओढ कमी म्हणजे तीनपैकी एक: पंखा दुबळा, पंख्याच्या पुढे-मागे तुंबलेलं, किंवा कुठेतरी गळती. गळती गेल्या आठवड्यात बुजवली. म्हणून पंखाच उघडला. सहा नट, दोन गंजलेले, त्यातला एक तुटला. शब्द वापरले ते वहीत लिहीत नाही.

पंख्याची पाती राखेने अशी लिंपलेली की शेणानं सारवल्यासारखी. पात्याची खोलगट बाजू भरली की पंखा फिरतो तेवढाच, आवाजही तोच, पण हवा धरत नाही. म्हणूनच इतके दिवस 'पंखा चालू आहे की' म्हणून मी त्याला सोडून दिलं होतं. त्याहून वाईट म्हणजे पेटीतून पंख्याकडे येणारा बोगदा. मागच्या कप्प्यांची राख मी १८ तारखेला काढली, पण तिथून पुढे एक वळण आहे. त्यात मूठ जाईल एवढीच जागा उरली होती.

शेजारचे आजोबा चाळीस वर्षं तेलाचे बर्नर दुरुस्त करायचे. त्यांनी पाचोळा उडवायचा ब्लोअर आणून दिला, ओढणाऱ्या बाजूने लावायचा. बाहेर धुराड्याच्या तोंडाला नळी बांधली, ब्लोअर सुरू केला, आणि मी आतून भिंतींवर रबरी हातोडीने ठोकत राहिले. बाहेर अंगणात करड्या राखेचा ढग उठला. समोरच्या घरातून मुलगा फोन हातात घेऊन बाहेर आला. नवरा सांगत होता की अंगावर फक्त तोंडाला बांधलेला मास्क पांढरा राहिला, बाकी मी विभूती फासलेल्या बैराग्यासारखी.

पंख्याला नवा गॅस्केट, तुटलेल्या नटाजागी नवा बोल्ट. मोजमाप: ०.१४ इंच.

संध्याकाळी पेटवलं. जाळ बुटका, झगझगीत, वाटीत कांड्या उड्या मारतायत. लेक म्हणाली, "मम्मा, हा रागावलाय." रागावलेलाच हवा.

१८ डिसेंबर, सोमवार

पंधरा दिवस उत्तम. आज वादळ. पहाटेपासून पाऊस आणि दक्षिणेचा वारा, सकाळी वीज गेली. इथे आणि वर मेन राज्यात अनेक ठिकाणी गेली आहे म्हणतात.

वीज जाते तेव्हा ऑगर थांबतो, पंखाही थांबतो, पण वाटीतल्या कांड्यांना ते कोणी सांगत नाही. त्या धुमसत राहतात. धुराड्याचं तोंड दक्षिणेला, वारा थेट त्याच तोंडात. चार फूट उभ्या पाइपाची स्वतःची ओढ अशा वाऱ्यापुढे काय टिकणार? दहा मिनिटांत हॉपरच्या झाकणातून धूर खोलीत. धुराचा अलार्म वाजला, कार्बन मोनॉक्साइडचा वाजला नाही. मुलीला वर पाठवलं, खिडक्या उघडल्या, स्टोव्हचं दार मात्र उघडलं नाही. दार उघडलं असतं तर सगळाच धूर घरात.

हा बिघाड नव्हे, मांडणीचा स्वभाव आहे. शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखीच वीज, देणारी बॅटरी आणायचं ठरलं; तेवढ्यावर पंखा राख थंड होईपर्यंत फिरेल.

२८ डिसेंबर, गुरुवार

जाळ पुन्हा लांब आणि नारिंगी. काचेवर पुन्हा तेलकट काळं.

आधी विश्वासच बसेना. पंखा तीन आठवड्यांपूर्वी आरशासारखा केलेला. हळदीची नळी जोडली: ०.२१ इंच.

म्हणजे ओढ भरपूर, हवी त्यापेक्षा जास्त. मनात आलं, चला, हवेची बाजू चोख आहे, नक्की पुरवठा जास्त होतोय. कांड्यांचा पुरवठा एक घर कमी केला. जाळ छोटा झाला, तरी काळाच. आणखी कमी केला तर विझला. आज इथेच थांबते.

३० डिसेंबर, शनिवार

आज आप्पांशी बोलणं झालं. आमच्या गावी, कोल्हापूरच्या खाली, अजून तांब्याचा बंब आहे. आंघोळीचं पाणी त्यातच तापतं: मधून नळकांडं, खाली जाळी, जाळीखाली राख. आप्पांना व्हिडिओवर स्टोव्ह दाखवला, पंखा, बोगदा, धुराडं, हळदीची नळी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, धूर कुठनं जातोय ते दहा वेळा सांगितलंस. वारा आत येतोय कुठनं?"

"भिंतीतून पाइप आहे, आप्पा. बाहेरून."

"बगितलास?"

नव्हता बघितला.

आणि त्या क्षणी ०.२१ चा अर्थ लागला. मी ओढ जास्त म्हणजे हवा जास्त असं धरून चालले होते. सरबत पिताना नळीचं खालचं टोक बोटाने दाबलं तर गालांना ओढ जास्त बसते आणि तोंडात काहीच येत नाही. तसंच हे. बाहेर जायची वाट तुंबली तर पेटीतली ओढ कमी होते. आत यायची वाट तुंबली तर ती वाढते. जाळ दोन्ही वेळा सारखाच सुस्त. डोळ्यांना फरक दिसत नाही, हळदीला दिसतो. दोन डिसेंबरला हेच वाक्य वहीत लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

बाहेर थंडी. टॉर्च घेऊन घराच्या कडेला गेले. हवेच्या पाइपाच्या तोंडावर छोटी टोपी आणि आत जाळी. जाळीवर करड्या रंगाची जाडजूड गोधडी. हाताने सोलून काढली तर एका तुकड्यात आली. राख नव्हे. कपड्यांचे तंतू, त्यात लेकीच्या गुलाबी स्वेटरचे धागे ओळखू आले.

दोन फुटांवर ड्रायरचं तोंड आहे. ते आम्हीच या उन्हाळ्यात तिथे आणलं, कपड्यांचं मशीन तळघरातून वर घेतलं तेव्हा. आणि उंदीर-किडे नकोत म्हणून हवेच्या पाइपाला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावायची कल्पना माझी. थंडीत ड्रायर रोज चालतो, नाताळात पाहुण्यांच्या चादरींमुळे दिवसात दोनदा. ड्रायर फेकणार, स्टोव्ह ओढणार, मध्ये माझी जाळी. गाळणीच बसवली होती मी.

गोधडी काढल्यावर: ०.१३. पुरवठा मूळ खुणेवर. जाळ पाच मिनिटांत रागावला.

आप्पांना फोटो पाठवला. उत्तर आलं: "बंबाची जाळी रोज झाडतात."

१ जानेवारी २०२४, सोमवार

सुट्टी आहे म्हणून नीट प्रयोग केला, नाहीतर पुन्हा शंका राहील. वाट मोकळी, ओढ ०.१३, जाळ उत्तम. टोपीच्या तोंडावर पुठ्ठा धरून निम्मी वाट झाकली: ०.१५, जाळात फरक जवळजवळ नाही. तीन चतुर्थांश झाकली: ०.१९, शेंडे नारिंगी. त्याहून थोडी जास्त: ०.२२, आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यातून काळेपणा सुरू. म्हणजे वाट बरीच बुजेपर्यंत स्टोव्ह तक्रार करत नाही आणि मग एकदम करतो. नोव्हेंबरपासून गोधडी विणली जात असणार, मला पंख्याच्या राखेमागे ती दिसली नाही इतकंच.

कागदावरचा हिशेबही जुळतो. एक किलो लाकूड पुरतं जळायला सुमारे ६ किलो हवा लागते, म्हणजे ५ घनमीटर, आणि असे स्टोव्ह प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त घेतात. वरच्या सेटिंगवर आमचा तासाला दोन किलो खातो. वीस घनमीटर हवा दर तासाला, तीही तळहाताएवढ्या जाळीतून.

७ जानेवारी, रविवार

रात्रभर बर्फ. सकाळी पहिलं काम फावडं: हवेची टोपी आणि धुराड्याचं तोंड दोन्ही मोकळी केली. टोपी जमिनीपासून दीड फुटावर आहे, आणि वाऱ्याने भिंतीशी रचलेला बर्फ तिच्या टेकाला आला होता. मोजमाप ०.१३.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तीळ भाजताना चुलीवरचा धूर ओढणारा मोठा पंखा लावला, तेव्हा सुचलं की हीही एक तपासणी होऊन जाऊ दे. स्वयंपाकघराचा पंखा घरातली हवा बाहेर टाकतो, खिडक्या बंद असल्या की घरच किंचित ओढीत येतं.

स्टोव्हची हवा बाहेरून येत असताना पंखा लावला: हळद ०.१३ वरून ०.११ वर उतरली, जाळ मात्र जागच्या जागी. आधी गोंधळले. पण माझी बरणी खोलीत उघडी आहे. खोलीचाच दाब घटला, म्हणून फरक कमी दिसला. स्टोव्हला खोलीशी देणंघेणं नाही. मग मुद्दाम पाइप स्टोव्हपासून सोडवला, हवा खोलीतून घ्यायला लावली, पुन्हा पंखा लावला. आता जाळाचे शेंडे लांबले. फार नाही, पण दिसण्याइतके. पाइप लगेच जोडला.

गुळाचा पाक या भानगडीत थोडा पुढे गेला. लाडू कडक झालेत. नवरा म्हणतो खंगर.

मावशीशी यावरून बोलणं निघालं. तिच्याकडे पूर्वी 'ऊर्जा' शेगडी होती: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, बीपी कंपनीने बाजारात आणलेली, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेलेली. चिपाड आणि शेंगांच्या टरफलांच्या कांड्या, बुडाशी बॅटरीवरचा छोटा पंखा. खालून थोडी हवा, तिने कांड्यांचा वायू व्हायचा. वरच्या भोकांतून बाकीची हवा, तिने तो वायू जळायचा. मावशीला आठवतं ते एवढंच की पंख्याचं बटण कमी केलं की भांड्याचं बूड काळं. माझ्या अडीच महिन्यांच्या वहीचा पूर्वार्ध तिला स्वयंपाकघरातच ठाऊक होता.

२७ जानेवारी, शनिवार

बारीक जाळी काढून पाव इंची भोकांची लावली. उंदीर येणार नाहीत, तंतू अडकणार नाहीत. किडा आला तर येवो, जाणार कुठे, वाटीतच. ड्रायरच्या तोंडाला खाली वळणारी टोपी बसवली, तात्पुरती. ते तोंड पलीकडच्या भिंतीला न्यायचं काम बर्फ वितळल्यावर.

वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. वाटी रोज, मागचे कप्पे दर टनाला एकदा, पंखा आणि बोगदा मोसमात दोनदा. जाळी दर शनिवारी, आप्पांच्या मते रोज.

२४ फेब्रुवारी, शनिवार

चार आठवड्यांची मोजमापं: ०.१३, ०.१३, ०.१४, ०.१३. एकदाच आलेलं ०.१४ कशामुळे ते पाहायला बाहेर गेले. जाळीवर तंतूंची एक चिमूट आणि वाळलेलं ओकचं पान. काढलं, आत येऊन पाहिलं. ०.१३.